त्या घरी तुझं नाव सांगून आलो

सुखदेव,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मला बोलायला उभं केलं. विहारासमोर सतरंज्या टाकल्या होत्या. वहिनी पांढऱ्या लुगड्यात पुढे बसल्या होत्या आणि तुझ्या पाळीतले कारखान्याचे लोक मागे उभे होते. मास्तर आहे, बोलेल चार शब्द, म्हणून माझं नाव पुकारलं. मी म्हणालो, "सुखदेव मला भावासारखा होता," आणि पुढे शब्दच निघेना. लोकांना वाटलं, मास्तरांना भरून आलं. कुणीतरी पाण्याचा गिलास आणून दिला. भरून आलंही होतं, खोटं कशाला बोलू. पण जीभ अडली ती 'भाऊ' या शब्दावर, आणि का अडली ते सगळ्या मांडवात एकट्या तुला कळलं असतं. तू तर फोटोत बसला होतास, गळ्यात हार घालून.

त्या दिवशी घरी आलो आणि बायकोला म्हटलं, चार दिवस जाऊन येतो. कुठे ते तिनं विचारलं नाही. तिला काय ते समजलं असावं.

नदीच्या काठानं चालत जायचं खूळ तुझंच. मी भूगोलाचा मास्तर, पण नद्या मला नकाशातल्या. तू कारखान्यातला टर्नर, लोखंडाशी संसार करणारा, आणि भद्रावती-चंद्रपूर एसटीत माझ्या शेजारी बसून मलाच विचारायचास, "मास्तर, वैनगंगा मार्कंड्याले उलटी, उत्तरेकडं वाहते म्हनतात, तुमी पाह्यली का कधी?" मी पाहिली नव्हती. मुलांना मात्र दरवर्षी शिकवत होतो. तू असा हसलास की पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. 'तुमी'वरून 'तू'वर यायला तुला चंद्रपूरचा स्टँडसुद्धा लागला नाही.

मग ठरलं. मार्कंड्यापासून निघायचं आणि डावा काठ न सोडता, प्राणहिता गोदावरीला मिळते तिथं सिरोंच्यापर्यंत जायचं. एका दमात नाही, नोकरीवाल्यांना ते कसं जमणार. दर नाताळच्या सुट्टीत एक तुकडा. पहिल्या वर्षी मार्कंडा ते चपराळा, जिथे वर्धा येऊन मिळते आणि वैनगंगेचं नाव बदलून प्राणहिता होतं. दुसऱ्या वर्षी चपराळ्याहून अहेरी. तिसऱ्या वर्षी अहेरीहून सिरोंचा. तू हे माझ्याच शाळेच्या नकाशावर बोटानं दाखवलंस आणि म्हणालास, "चार बोटं तर अंतर हाय. होऊन जाते."

ती चार बोटं माझ्या टाचांनी भोगली. काठानं रस्ता असतो हा माझा गैरसमज पहिल्या दिवशीच गेला. मासे धरणाऱ्या ढिवरांची पायवाट असायची, ती वाळूत उतरायची आणि वाळूतच हरवायची. मग खडक. काळे, धारेचे, एकावर एक पडलेले. खडक संपले की बांबूचं रान, इतकं दाट की नदी दहा हातांवर असून नुसती ऐकू यायची. आणि दर कोसाला एक नाला, नदीला मिळण्याआधी खोल गेलेला. मला पोहता येत नाही हे मी तुला पहिल्या नाल्याच्या मधोमध सांगितलं. तू माझी पिशवी आपल्या डोक्यावर घेतलीस, माझं मनगट धरलंस आणि म्हणालास, "आता सांगून राह्यला का बे? चाल. पाण्याकडं पाहू नोको, माह्या पाठीकडं पाह्य." त्या दोन वर्षांत असे किती नाले आपण ओलांडले ते मी मोजलं नाही. दर वेळी मनगटावर तुझी बोटं उमटायची.

आणि जेवण. बांबू तोडणाऱ्या माडिया माणसांनी आपल्याला पानांच्या द्रोणात आंबील दिली होती, ती तू द्रोण चाटूनपुसून संपवलीस. ताटात शीत ठेवणं तुला पाप वाटायचं. मी चवीढवीनं खाणारा, कडेला भात सरकवणारा, म्हणून तू मला चिडवायचास, "मास्तर पाखरासाठी ठेवून राह्यला." त्याच लोकांकडून आपण फाट्याची खूण शिकलो. पुढे चालणाऱ्यानं, जी वाट धरायची नाही तिच्यावर हिरवी डहाळी तोडून आडवी टाकायची. मागच्याला हाक मारावी लागत नाही. तू नेहमी पुढे असायचास, म्हणून डहाळ्या तुझ्या. मी येईपर्यंत पानं ताजी असायची.

गावात शिरताना तुझी एक रीत होती. आधी हात जोडून जयभीम, मग "मी सुखदेव नागोराव रामटेके, भद्रावतीचा, हा माझा दोस्त भोयर मास्तर." कुणी विचारायच्या आत. मी एकदा म्हटलं, एवढं सगळं कशाला सांगतोस, नुसतं सुखदेव म्हटलं तरी चालतं. चालता चालता तू सांगितलंस की चंद्रपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळी तू बापाच्या खांद्यावर होतास. घरी येताना बाप म्हणाला होता, आजपासून कुणी नाव विचारलं तर पुरं सांगायचं आणि मान वर करून सांगायचं. "बापानं जमीन नाई ठेवली मास्तर, एवढंच ठेवलं." मी हूं म्हणालो. माझ्याकडे जमीन होती, मला त्यातलं काय कळणार.

आता त्या संध्याकाळकडे येतो. सहा वर्षं टाळलं, आता टाळत नाही.

दुसरं वर्ष. चपराळा सोडून दोन दिवस झाले होते. खडकावरून घसरून तुझा तळपाय चिरला होता आणि तू धोतराची चिंधी बांधून चालत होतास. दिवस मावळता गाव लागलं. पंचवीसेक घरं, धानाचे ढीग, आणि काठाशी एक मोठं घर. ओसरीवर घरधनी बसले होते, म्हातारे शेतकरी. माणूस भला. आपण नुसतं पाणी मागितलं तर म्हणाले, "पाणीच काऊन, जेवाले थांबा." आतून लाखोळीच्या डाळीला फोडणी दिल्याचा वास आला. दोन दिवस आपण चुरमुऱ्यांवर होतो. त्यांनी मला विचारलं, कोणते भोयर, कुठले, आणि माझं गाव, माझं कूळ त्यांच्या ओळखीचं निघालं. मग तुझ्याकडे हनुवटीनं दाखवत म्हणाले, "अन् हे?"

तू पायाची चिंधी सोडत वाकला होतास. सरळ झालास, हात जोडायला उचललेस. त्याच्या आत मी बोलून गेलो.

"हा माझा चुलतभाऊ. सुखदेव भोयर."

तुझे हात अर्ध्यावर थांबले. तसेच खाली आले.

मी स्वतःला सांगितलं की तुझ्या पायासाठी केलं. कोमट पाणी मिळालं, हळद मिळाली, चुलीजवळ पाट मिळाला. सांगायला सगळं सोपं. खरं असं की मला भूक लागली होती, थंडी वाजत होती आणि गावच्या शाळेच्या उघड्या ओसरीवर रात्र काढायची माझी तयारी नव्हती. तुझं नाव ऐकून म्हाताऱ्यांचा चेहरा बदलला असता तर तो बघायचीही तयारी नव्हती. त्यांच्या बायकोनं, अनुसयाबाईंनी, वाढलं. वाफाळता भात, वर डाळ, वांग्याची भाजी. तू दोन घास खाल्लेस आणि हात धुतलास. बाई म्हणाल्या, "काऊन भाऊ, घ्या न." तू म्हणालास, पोट बरं नाही. आणि मी, सुखदेव, मी दोनदा भात मागून घेतला.

सकाळी तू माझ्याआधी निघालास. दिवसभर मला फक्त तुझी पाठ दिसली, तीही लांबून. हाक मारली तर वळला नाहीस. चिरलेला पाय घेऊन तू इतका भराभर चालत होतास की मला राग यायला लागला, आणि माझाच गुन्हा असून मी मनात तुझ्याशी भांडत होतो. गावाखाली दीडेक मैलावर पहिला फाटा लागला. एक वाट मोहाच्या झाडाखालून खाली नदीकडे, एक वर जंगलात. वरच्या वाटेवर आडवी, हिरवी, ऐनाची डहाळी. पुढच्या फाट्यावर दुसरी. त्याच्या पुढे तिसरी. तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस, पण एकही फाटा रिकामा सोडला नाहीस. मी त्या दिवशी एका डहाळीपाशी बसून रडलो होतो. हे तुला कधी सांगितलं नाही.

अहेरीहून आलापल्लीला आलो. स्टँडवर चहाच्या टपरीशी तू तोंड उघडलंस. "माझं नाव तू काऊन झाकलं?"

मी म्हणालो, तुझ्या भल्यासाठी. तुला भाऊ म्हटलं, शिवी तर नाही दिली.

"भाऊ म्हन न. भोयर काऊन म्हनतो? रामटेके तुहा भाऊ होऊ शकत नाई का?"

मी म्हणालो, मग तू तिथेच का नाही सांगितलंस? तुला कुणी अडवलं होतं?

तू चहाचा ग्लास खाली ठेवलास. अजून तुझा आवाज कानात आहे, चढलेला नव्हता. "तू बोलून बसला होता. मी खरं सांगतलं असतं त तू त्या मानसापुढं खोटा पडला असता. तुह्या इज्जतीपायी मी माझं नाव गिळलं. घासासंगं."

मी माफी मागितली. तू मान हलवलीस. "मले नोको मांगू. त्या घरी जाऊन माझं नाव सांग. मी येतो संगं, तूच सांगजो. मंग तिथूनच पुढची वाट धरू. सिरोंच्यापर्यंत."

एवढी साधी अट. आणि मला ती सहा वर्षं पुरी करता आली नाही.

आपली दोस्ती तुटली नाही, हेच मला जास्त लागतं. तुझ्या पोरीच्या बारशाला मी होतो, माझ्या आईच्या तेराव्याला तू पंगतीत वाढलंस. एसटीत शेजारी बसणं सुरूच राहिलं. तू तो विषय काढला नाहीस. फक्त दर वर्षी धान कापून झालं, थंडी पडली, की बसमध्ये खिडकीबाहेर बघत एक शब्द विचारायचास. "औंदा?" आणि मी म्हणायचो, पुढच्या साली. एकदा परीक्षेचं काम होतं. एकदा गुडघा. एकदा म्हटलं, तिकडे खाली वातावरण बरं नाही, रोज काहीतरी ऐकू येतं. ते खरंही होतं, पण त्या गावापर्यंत ढिवर रोज डोंग्यानं ये-जा करत होते. मला भीती जंगलाची नव्हती. मला त्या ओसरीवर उभं राहून, मी खोटं बोललो होतो, हे म्हणावं लागणार होतं. तुझ्यासमोर. पन्नाशीला आलेला मास्तर, पोरांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरायला लावणारा.

आणि मग कावीळ. चंद्रपूरच्या दवाखान्यात तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. मी मोसंबी घेऊन आलो, कारखान्याच्या गोष्टी काढल्या, वॉर्डातल्या पंख्याला नावं ठेवली. वहिनी चहाला खाली गेल्या तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. ओठ सुकलेले होते.

"औंदा?"

मी म्हणालो, "पहिले बरा हो."

तू हसलास. माझ्यावर हसायचास तसंच, फक्त आवाज नव्हता. चौथ्या दिवशी निरोप आला.

परवा गोंडपिपरीवरून आष्टीची बस धरली आणि तिथून चालायला लागलो. एकटा. चपराळ्याला दोन्ही नद्या तशाच मिळत होत्या, एकीचं पाणी गढूळ, एकीचं निवळ, आणि बरंच अंतर एकमेकींना न शिवता वाहणारं. डांगरवाडीवाल्यांनी वाळूत टरबुजांसाठी आळी करायला घेतली होती. नाल्यांना यंदा पाणी कमी. तरी एका नाल्यात मधोमध थांबलो, कारण बघायला पाठ नव्हती. एका फाट्यावर चुकलो, तासभर बांबूत फिरलो आणि परत आलो. परत आल्यावर चुकीच्या वाटेवर हिरवी डहाळी आडवी टाकली. टाकून झाल्यावर लक्षात आलं की मागून कुणी येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते घर आलं. ओसरी तीच. म्हातारे दोन वर्षांपूर्वी गेले, असं अंगणातच कळलं. अनुसयाबाई सुपानं धान पाखडत बसल्या होत्या. केस पांढरे, नजर अजून तेज. बघितल्या बघितल्या म्हणाल्या, "भोयर मास्तर न तुमी? अन् तुमचे भाऊ कुठी हायेत?"

मी ओसरीवर चढलो नाही. अंगणात उभा राहूनच सांगितलं. म्हटलं, बाई, तो गेला, महिनाही झाला नाही. आणि तो माझा भाऊ नव्हता, दोस्त होता. भोयर नव्हता. त्याचं नाव सुखदेव नागोराव रामटेके. तो आपलं नाव सांगणार होता, मी सांगू दिलं नाही.

सूप थांबलं. कोंबडी येऊन दाणे टिपायला लागली तरी त्यांनी हाकलली नाही. मला वाटलं, आता निघा म्हणतील. तेही मी ऐकून घेतलं असतं.

मग म्हणाल्या, "खरं नाव ऐकून आमच्या मालकायनं तुमाले घरात नसतं घेतलं. शाळेत धाडलं असतं. मानूस चांगला होता, पन तसा होता. मी काऊन खोटं सांगू?"

मी मान हलवली.

"मी जेवन तिथी आनून देल्लं असतं. तो पोटभर जेवला तरी असता." मग सूप बाजूला ठेवून माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, "दोन घास खाऊन उठला तो. इतके साल मले वाटून राह्यलं, माह्या डाळीत काई पडलं होतं का. त्यायले पन इचारत होती, डाळ खारट झाली होती का जी? ते म्हनत, नाई. मंग तो पाहुना उठला काऊन? दर वेळी लाखोळीची डाळ शिजवली का तोच डोळ्यापुढं येये."

सुखदेव, मी समजत होतो की मी एकट्या तुझा घास काढून घेतला. त्या बाईच्या हाताची चवही मी सहा वर्षं खोटी पाडून ठेवली होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी म्हटलं, बाई, डाळ चांगली होती. त्याला घास उतरला नाही तो माझ्यामुळे. मी दोनदा भात घेतला होता.

"हव," त्या म्हणाल्या. "तुमी घेतला होता."

मग त्यांनी आतल्या सुनेला हाक मारली. "अवो सूनबाई, तो पाहुना नाई का, डाळ सोडून उठला होता मी सांगत होती तो? त्याचं नाव सुखदेव रामटेके होतं." आणि मला विचारलं, "बापाचं काय सांगतलं?" मी सांगितलं. त्यांनी पुन्हा पुरं म्हटलं, एकेक शब्द सुटा करून. "सुखदेव नागोराव रामटेके. भद्रावतीचा." मी अंगणातच खाली बसलो.

त्यांनी मला जेवायला घातलं. कुठे बसवावं म्हणून क्षणभर ओसरीकडे, क्षणभर आत बघितलं, आणि मग चुलीजवळच पाट टाकला. तीच डाळ. तुझी आठवण ठेवून शेवटचं शीतसुद्धा पुसून घेतलं. निघताना त्या फाटकापर्यंत आल्या.

"जिता असता तवा आनलं असतं त्याले," म्हणाल्या, "त बरं झालं असतं."

हो, बाई. तेवढंच करायचं होतं.

वहिनींना हे सगळं अजून सांगितलेलं नाही. परत गेल्यावर सांगेन. ऐकून त्या माझ्याशी बोलायचं सोडतील कदाचित, आणि सोडलं तर मी काय म्हणणार. तुझी पोरगी आता पहिलीत आहे. तिला नाव विचारलं तर पुरं सांगते, बापाच्या नावासकट, मान वर करून. ते तू शिकवलंस, मला ठाऊक आहे.

तू दर वर्षी विचारत होतास, म्हणून सांगतो. औंदा निघालो आहे. गुडघा दुखतो आहे, तो खोटा नव्हता. अहेरीपर्यंत दीड दिवस, पुढे सिरोंच्यापर्यंत किती ते माहीत नाही, रजा वाढवून मागेन.

गावाखाली दीड मैलावर तोच फाटा लागला. मोहाचं झाड आता चांगलंच फोफावलं आहे. दोन्ही वाटा सारख्याच मळलेल्या, कुठली आपली ते सांगणारी काही खूण नाही. माझ्याशी एक शब्द बोलत नव्हतास तेव्हाही तू इथे डहाळी टाकली होतीस, आणि कोणत्या वाटेवर टाकली होतीस ते मला आठवत होतं. ती वाट सोडून मी खाली नदीकडे उतरलो.